शेवटी 'नानक' आहे, पण पद कोणत्या गुरूंचं? गुरू ग्रंथसाहिबातले मथळे आणि आकडे कसे वाचायचे

पोथीवाला (मूळ धागा)

'काहे रे बन खोजन जाई' हे पद मराठी भजनी मंडळांच्या वह्यांत आणि यूट्यूबवरच्या व्हिडिओंखाली हमखास 'संत नानक' या नावावर सापडतं. शेवटच्या ओळीत 'जन नानक' येतं आणि आपल्या कानाला सवय 'तुका म्हणे'ची. ज्याची मुद्रिका त्याचा अभंग, असा आपला हिशोब.

इथे तो हिशोब चुकतो. हे पद नववे गुरू तेगबहादूर यांचं आहे. गुरू नानक १५३९ साली गेले, तेगबहादूर जन्मले १६२१ साली. 'जो नरु दुख मै दुखु नही मानै' आणि 'साधो मन का मानु तिआगउ' ही पदंही तेगबहादुरांचीच, आणि तीही सर्रास नानकांच्या नावावर खपतात.

दहा शीख गुरूंपैकी सहा जणांची रचना गुरू ग्रंथसाहिबात आहे आणि सहाही जण 'नानक' हीच मुद्रिका वापरतात. म्हणजे मुद्रिकेवरून कर्ता ठरवता येत नाही. तो मथळ्यात सांगितलेला असतो. वरच्या पदाचा मथळा असा:

धनासरी महला ९ ॥

पहिला शब्द राग, दुसरा 'महला', मग आकडा. महला ९ म्हणजे गुरुगादीवरचे नववे. आकडा क्रमवाचक वाचायचा: महला पहिला, दूजा, तीजा, चौथा, पंजवां, नौवां. 'महला नौ' नाही. हे कुणी मागाहून ठरवलेलं नाही. सिरीरागाच्या सुरुवातीला, अंग १४ वर (अंग म्हणजे पान), ग्रंथातच 'महला पहिला १' असं अक्षरात लिहून पुढे आकडा घातला आहे. कसं वाचायचं ते एकदा दाखवून दिलं, पुढे नुसता आकडा.

ग्रंथात भेटणारे आकडे सहाच:
१ – नानक (१४६९–१५३९)
२ – अंगद (१५०४–१५५२)
३ – अमरदास (१४७९–१५७४)
४ – रामदास (१५३४–१५८१)
५ – अर्जनदेव (१५६३–१६०६)
९ – तेगबहादूर (१६२१–१६७५)

तिसऱ्यांचा जन्म दुसऱ्यांच्या आधीचा दिसतो ती छपाईची चूक नाही. अमरदास गादीवर आले तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. आपल्या गुरूंपेक्षा ते पंचवीस वर्षांनी मोठे. आणि चौथे रामदास म्हणजे आपले समर्थ नव्हेत. समर्थ १६०८ चे.

मथळ्यात कधीकधी 'घरु २', 'घरु ५' असंही येतं. ते गुरूंशी संबंधित नाही, ती गायनाची सूचना आहे. घरं १ ते १७ आहेत. त्यांचा अर्थ ताल, की स्वरांची काही मांडणी, यावर रागी (गुरुद्वारात कीर्तन गाणाऱ्या) मंडळींतच एकमत नाही. महला आणि घरु यांचे आकडे शेजारी शेजारी असल्यामुळे उतरवताना अदलाबदल होते, तेवढं जपा.

आता पदाच्या शेवटचे आकडे. 'काहे रे' संपतं तिथे ॥२॥१॥ असं आहे. पहिला आकडा पदातल्या कडव्यांचा: इथे दोन. दुसरा त्या गटातल्या पदाचा अनुक्रमांक: धनासरीतल्या नवव्या महल्याचं हे पहिलं पद. 'रहाउ' असा शिक्का असलेली ओळ म्हणजे ध्रुवपद. ती कडव्यांत मोजत नाहीत. मोठ्या गटांच्या शेवटी तीन-चार आकडे एकापुढे एक येतात, त्यांत आधीच्या महल्यांची बेरीजही धरलेली असते. ही एक प्रकारची कुलूपबंदी आहे. मधे कुणी एक पद घुसवलं तर पुढची सगळी बेरीज बिघडते आणि चोरी उघडी पडते.

---

चिपळी

उत्तम धागा. सहा, सात, आठ आणि दहा हे आकडे का नाहीत, हेही लिहा ना. गुरू गोविंदसिंगांनी तर भरपूर लिहिलं आहे.

---

पोथीवाला

सहावे हरगोविंद, सातवे हरराय, आठवे हरकृष्ण यांची रचना ग्रंथात नाही. हरकृष्ण तर पाच वर्षांचे असताना गादीवर आले आणि १६६४ साली दिल्लीत देवीच्या आजारात वारले, तेव्हा वय आठही पुरं नव्हतं.

दहाव्यांचं प्रकरण वेगळं. ग्रंथाची पहिली सिद्ध प्रत पाचव्या गुरूंनी अमृतसरला रामसर तळ्याकाठी भाई गुरदासांच्या हातून लिहून घेतली, ती १६०४ साली पूर्ण होऊन हरिमंदिरात ठेवली गेली. त्या प्रतीत नववा महला असणं शक्यच नव्हतं. नवव्यांची बाणी (पदरचना) दहाव्यांनी दमदमा साहिब इथे १७०५-०६ च्या सुमारास भाई मणीसिंगांकडून प्रत लिहवून घेताना समाविष्ट केली, असं परंपरा सांगते. वडिलांचं सगळं घेतलं आणि स्वतःचं एक पदही घातलं नाही.

गुरू गोविंदसिंगांच्या नावावरच्या रचना दशम ग्रंथात आहेत. तिथे मथळा 'पातिशाही १०' असा असतो, 'महला' नसतो. म्हणून 'देह शिवा बर मोहि' किंवा 'मानस की जात सबै एकै पहिचानबो' गुरू ग्रंथसाहिबात शोधत बसू नका. पहिलं चंडी चरित्रातलं, दुसरं अकाल उस्ततमधलं. नांदेडला हजूर साहिबात गुरू ग्रंथसाहिबाबरोबर दशम ग्रंथाचाही प्रकाश असतो (तोही उघडून मांडलेला असतो), त्यामुळे आपल्याकडच्या लोकांचा गोंधळ जास्त होतो.

---

शंकेखोर

एक मूलभूत शंका. शीख श्रद्धेनुसार दहाही गुरूंत ज्योत एकच. त्यांनी स्वतः 'नानक' म्हणून सही केली. मग 'हे नानकांचं नाही, तेगबहादुरांचं आहे' असं आपण कोण सांगणार? भजनी मंडळाने 'नानक' लिहिलं तर ते एका अर्थी बरोबरच नाही का?

---

पोथीवाला

अर्धं बरोबर. ज्योत एक हे ग्रंथातच सांगितलं आहे. सत्ता आणि बलवंड या गुरुदरबारातल्या गायकांची रामकली रागातली वार (दीर्घ रचना) आहे, अंग ९६६ ते ९६८. त्यात नानकांनंतर अंगद आले ते कसं, तर 'जोति ओहा जुगति साइ सहि काइआ फेरि पलटीऐ'. ज्योत तीच, रीत तीच, स्वामींनी फक्त काया पालटली. म्हणून सही एक.

पण संपादक अर्जनदेवांनी दर पदावर आकडा घालायचा कटाक्ष ठेवला, तो उगाच नाही. त्यांचे थोरले भाऊ पृथीचंद यांनी गादीवर हक्क सांगितला होता. पृथीचंद आणि त्यांचे चिरंजीव मिहरबान हे दोघेही 'नानक' मुद्रिकेनेच पदं रचत. त्या पंथाच्या पोथ्यांत 'महला ६', 'महला ७' असे मथळे खरोखर सापडतात, आणि ते महले हरगोविंद किंवा हररायांचे नव्हेत! नुसती मुद्रिका बघून पदं गोळा केली असती तर तीही आत आली असती. अमरदासांच्या 'अनंद'मध्ये, अंग ९२० वर, 'सतिगुरू बिना होर कची है बाणी' असं स्पष्ट म्हटलं आहे. कच्ची आणि सच्ची बाणी वेगळी करण्याचं साधन म्हणजे हा मथळा आणि शेवटचे आकडे.

तेव्हा श्रद्धेने 'नानक' म्हणा, कार्यक्रमाच्या पत्रिकेत मात्र आकडा लिहा. ग्रंथात दोन्ही एकत्रच नांदतात.

---

अक्षरशत्रू

+१. आता पुढची पायरी, कारण खरी फसगत वारांमध्ये होते.

वार म्हणजे पउड्यांची (कडव्यांची) साखळी, आणि दर पउडीआधी एक किंवा अनेक सलोक (छोटी सुटी पद्यं). ग्रंथात एकूण २२ वारा आहेत: पहिल्यांच्या ३, तिसऱ्यांच्या ४, चौथ्यांच्या ८, पाचव्यांच्या ६, आणि वर आलेली सत्ता-बलवंडांची १. वारेच्या डोक्यावर जो महला असतो तो पउड्यांचा कर्ता. सलोक त्याच गुरूंचे असतीलच असं नाही. त्यांच्यावर वेगळा शिक्का असतो, 'सलोक मः १', 'मः २', 'मः ३' असा. 'मः' हे महल्याचं संक्षिप्त रूप. विसर्ग बघून 'म्ह' वाचू नका.

नेहमीचं उदाहरण 'आसा दी वार', अंग ४६२ ते ४७५, २४ पउड्या, महला १. तिच्या सुरुवातीलाच हे येतं:

जे सउ चंदा उगवहि सूरज चड़हि हजार ॥
एते चानण होदिआं गुर बिनु घोर अंधार ॥

गुरुपौर्णिमेला हे नानकांच्या नावाने फिरतं. वार नानकांची हे खरं, पण या सलोकावर 'महला २' आहे. अंगदांचा सलोक. अंगदांचे ६३ सलोक ग्रंथात आहेत आणि स्वतंत्र पद एकही नाही. म्हणून रागाच्या पदांमध्ये 'महला २' शोधलंत तर कधीच सापडणार नाही. १ वरून थेट ३ येतो आणि लोकांना वाटतं, पान गळालं.

---

चिपळी

म्हणजे ग्रंथाच्या सुरुवातीलाच असलेल्या जपजीच्या शेवटचा 'पवणु गुरू पाणी पिता' तरी निःशंक नानकांचा ना? जपजी पूर्ण त्यांचीच आहे.

---

अक्षरशत्रू

नेमक्या नाजूक जागी बोट ठेवलंत! जपजी अंग १ ते ८: मूलमंत्र, एक सलोक, ३८ पउड्या आणि शेवटचा हा सलोक. तिथे त्यावर महला नाही. पण हाच सलोक थोड्या पाठभेदाने माझ वारेत, अंग १४६ वर पुन्हा येतो आणि तिथे शिक्का 'सलोक मः २' असा आहे. यावर अभ्यासकांचे दोन पक्ष आहेत. तेव्हा पत्रिकेत 'जपजीचा अखेरचा सलोक' एवढंच लिहावं, म्हणजे कुणाशीच भांडण नाही.

आणखी एक. व्हॉट्सअ‍ॅपवर 'नानक दुखिया सब संसार, सो सुखिया जिस नाम आधार' असं जोडून येतं. पहिला अर्धा खरा आहे: रामकली वार, अंग ९५४, सलोक महला १. पण तिथे त्यापुढे 'मंने नाउ सोई जिणि जाइ' अशी ओळ आहे. दुसरा अर्धा यमक जुळवायला कुणीतरी चिकटवलेला.

---

तानपुरा_४

गाणाऱ्यांसाठी थोडं.

१. ओळ शोधताना. बहुतेक गुरबाणी अ‍ॅपमध्ये शब्दांच्या पहिल्या अक्षरांवरून शोध असतो. 'काहे रे बन खोजन जाई' साठी क र ब ख ज एवढं पुरतं. पूर्ण ओळ टाइप केली तर सापडत नाही, कारण ग्रंथातलं लेखन 'नामु', 'हरि', 'संगि' असं असतं आणि आपण टाइप करतो 'नाम', 'हर', 'संग'. तरी सापडलं नाही तर बहुधा तुम्ही ध्रुवपद शोधताय आणि अनुक्रमणिका पहिल्या ओळीची आहे. अनुक्रमणिकेला 'ततकरा' म्हणतात. गायनात रहाउची ओळ आधी घेतात, पण ग्रंथात ती पुष्कळदा पहिल्या कडव्यानंतर असते. आरतीचंच बघा. 'कैसी आरती होइ' हे ध्रुवपद, पण पद सुरू होतं 'गगन मै थालु' या ओळीने, अंग १३ वर आणि पुन्हा ६६३ वर. नवव्या महल्यात उलट, रहाउ सहसा सुरुवातीलाच.

२. उच्चार. शब्दाच्या शेवटचे ऱ्हस्व उ आणि इ बहुतेक वेळा म्हणायचे नसतात. ती व्याकरणाची खूण असते. 'सति नामु' म्हणताना 'सतनाम'. आपली मंडळी 'नामू' असा लांब ऊ ओढतात, ते कानाला खटकतं. आणि 'मै', 'है' मधला ऐ मराठीसारखा 'अइ' करू नका, तो हिंदीतल्यासारखा पसरट.

३. राग. मथळ्यात धनासरी आहे म्हणून आपल्याकडच्या धनाश्रीची बंदिश लावली की झालं, असं नाही. नावं सारखी असली तरी गुरमत संगीतातलं (शीख कीर्तन परंपरेतलं) चलन प्रत्येक वेळी आपल्या रागाशी जुळतंच असं नाही. आधी एखाद्या जाणत्या रागीचं ऐकून घ्यावं.

---

शंकेखोर

शेवटचा उ ही व्याकरणाची खूण कशी? नीट सांगाल का?

---

अक्षरशत्रू

मी सांगतो. पुल्लिंगी एकवचनी नाम कर्ता किंवा कर्म म्हणून आलं की शेवटी उ लागतो. संबोधन असेल किंवा पुढे 'का', 'की' असा प्रत्यय असेल तर उ जातो. जपजीत 'नानकु नीचु कहै वीचारु' आहे. इथे नानक बोलतोय, तो कर्ता, म्हणून उ. आणि पहिल्याच पउडीत 'हुकमि रजाई चलणा नानक लिखिआ नालि' आहे. तिथे 'अरे नानका' असं स्वतःला हाक मारणं, म्हणून उ नाही. 'हुकमि' मधला इ म्हणजे आपला 'हुकमात' किंवा 'हुकमाने'. देवनागरीत उतरवताना हे ऱ्हस्व गाळले की अर्थच बदलतो. म्हणून वहीत लिहिताना ठेवायचे आणि गाताना सोडायचे.

---

गोदातीर

नामदेवांचा विषय अजून कसा निघाला नाही? महाराष्ट्रासाठी तोच महत्त्वाचा.

भक्तांच्या, म्हणजे ग्रंथात घेतलेल्या इतर संतांच्या, बाणीला महला नसतो. तिथे नाव असतं. आसा रागात अंग ४८५ वर मथळा आहे 'आसा बाणी स्री नामदेउ जी की'. भक्त एकूण १५: कबीर, नामदेव, रविदास, फरीद, त्रिलोचन, धन्ना, जयदेव वगैरे. नामदेवांची ६१ पदं १८ रागांत विखुरलेली आहेत. सलग कुठेच नाहीत, म्हणून 'नामदेवांचा अध्याय कुठे आहे?' या प्रश्नाला उत्तर नाही. दर रागात क्रम ठरलेला: आधी गुरूंची पदं, मग अष्टपदी, छंत, वार हे लांब रचनाप्रकार, आणि भक्तबाणी सगळ्यात शेवटी. म्हणजे नामदेव हवे असतील तर रागाचं शेपूट उघडायचं. सोरठ सुरू होतो ५९५ ला, नामदेव सापडतात ६५६-६५७ वर. धनासरी ६६० ला, नामदेव ६९२ ते ६९४. बिलावल ७९५ ला, नामदेव ८५७ वर. भैरव ११२५ ला, नामदेव ११६३ ते ११६७. या शेवटच्या ठिकाणी पदं बरीच आहेत आणि लांबही.

भाषा बघाल तर गंमत वाटेल. गौडीत 'देवा पाहन तारीअले', रामकलीत 'आनीले कागदु काटीले गूडी आकास मधे भरमीअले'. आणिला कागद, कापून पतंग केला, आकाशामध्ये भिरभिरवला. हे '-ले' ओळखायला मराठी माणसाला टीप लागत नाही. आसातलं 'ईभै बीठलु ऊभै बीठलु बीठल बिनु संसारु नही' तर सांगायलाच नको.

(पंजाबातल्या घुमानचे नामदेव आणि पंढरपूरचे नामदेव एकच का, हा वाद इथे नको. विष्णुदास नामाचं काय करायचं हे आपल्या गाथेत अजून पुरतं सुटलेलं नाही. त्यात ही भर कशाला. २०१५ साली अखिल भारतीय साहित्य संमेलन घुमानला झालं तेव्हा यावर पुष्कळ लिहून झालं आहे.)

---

पोथीवाला

गोदातीर, एक पुरवणी. भक्तबाणीतही मधेच महला येतो, आणि तिथे हमखास चुकतं. आसा रागात धन्नाच्या पदांमध्ये, अंग ४८७ वर, हे आहे:

गोबिंद गोबिंद गोबिंद संगि नामदेउ मनु लीणा ॥
आढ दाम को छीपरो होइओ लाखीणा ॥

अर्ध्या दामाचा छीपा लाखमोलाचा झाला. धन्नाने नामदेवांची केलेली स्तुती म्हणून हे सांगितलं जातं. वर शिक्का मात्र 'महला ५' आहे, म्हणजे बोलतायत अर्जनदेव. 'छीपा' म्हणजे कापडावर छाप मारणारा. मराठीत आपण 'शिंपी' म्हणतो, ते काम वेगळं.

असंच कबीरांच्या सलोकांत. २१२ आणि २१३ हे सलोक नामदेव-त्रिलोचन संवादाचे आहेत. त्रिलोचन म्हणतो, मायेत गुंतून कापडं काय छापत बसलास. नामदेव म्हणतो, हातपायांनी काम कर आणि चित्त निरंजनाशी ठेव. त्यात नाव नामदेवांचं असलं तरी ती नामदेवांची रचना म्हणून धरत नाहीत. ६१ मोजताना हे दोन त्यात मिळवू नका.

---

तानपुरा_४

म्हणजे मुद्रिका दुसऱ्याची आणि रचना गुरूंची, असंही होतं तर!

---

पोथीवाला

होतं, आणि ती तर सगळ्यात सुंदर जागा. फरीदांचे सलोक अंग १३७७ ते १३८४, क्रमांक १३० पर्यंत. त्यांतले १८ गुरूंचे आहेत. ७५ वा पाहा: 'फरीदा खालकु खलक महि खलक वसै रब माहि'. सुरुवातीलाच 'फरीदा', पण वर 'महला ५'. आधीच्या सलोकांना अर्जनदेव फरीदांच्याच सुरात जोड देतात. सूफी मैफलीत हा फरीदांचा म्हणून गातात, त्यांना दोष देता येत नाही.

सारंग रागात अंग १२५३ वर त्याहून विचित्र मथळा आहे: 'सारंग महला ५ सूरदास'. त्याआधी सूरदासांची एकच ओळ आहे, 'छाडि मन हरि बिमुखन को संगु'. पुढचं पद त्या ओळीला दिलेलं अर्जनदेवांचं उत्तर. शेवटी मुद्रिका 'सूरदास' अशीच.

---

चिपळी

मग नियम असा ठरला: मथळ्यात महला दिसला की कर्ता तोच. मुद्रिका कुणाचीही असो. बरोबर?

---

अक्षरशत्रू

नव्वद टक्के. एका जागी हा नियम तोंडावर आपटतो.

अंग १३८९ वर 'सवईए महले पहिले के १' असा मथळा आहे. नानकांनी लिहिलेले सवैये असं वाटतं. पण हे भट्टांनी (गुरूंची स्तुती गाणाऱ्या कवींनी) पहिल्या गुरूंच्या स्तुतीपर रचलेले आहेत. 'के' म्हणजे इथे 'चे' नव्हे, 'विषयीचे'. पुढे १३९१ वर दुसऱ्यांचे, १३९२ वर तिसऱ्यांचे, १३९६ वर चौथ्यांचे, १४०६ पासून पाचव्यांचे. भट्ट ११, सवैये १२३. मात्र या सगळ्यांच्या आधी, १३८५ ते १३८९, 'सवये स्री मुखबाक्य महला ५' आहेत आणि ते खरंच अर्जनदेवांचे. 'मुखबाक्य' म्हणजे स्वतःच्या मुखातून आलेलं. तो एक शब्द असला तर कर्ता, नसला तर विषय.

तेवढा भाग सोडला की तुमचा नियम चालतो.

---

गोदातीर

अंगांच्या आकड्यांविषयीही एक सूचना. 'अंग' म्हणजे पान, पण ग्रंथाला देहधारी गुरू मानतात म्हणून पान म्हणत नाहीत. इथे सगळ्यांनी दिलेले अंग १४३० अंगांच्या प्रमाण छपाईचे आहेत. जुन्या हस्तलिखित बीडींत (प्रतींत) पानांची संख्या वेगळी असते, शिवाय शब्द न तोडता सलग लिहिलेले, त्याला 'लडीवार' म्हणतात. 'पदच्छेद' म्हणजे शब्द सुटे केलेली छपाई. देवनागरी प्रत घेताना ती १४३० अंगांशी जुळती आहे ना, हे पाहून घ्या. झटपट तपास: सिरीराग १४ वर सुरू व्हायला हवा, आणि नवव्या महल्याचे ५७ सलोक १४२६ ते १४२९ वर. अर्थासह छापलेल्या संचांत पानं अर्थातच वेगळी, तिथे कडेला अंग छापलेला असतो तो बघा.

गावांचा घोळही सांगून ठेवतो. नानकांचं करतारपूर रावीकाठचं, आता पाकिस्तानात. ग्रंथाची १६०४ ची म्हणून मानली जाणारी 'करतारपुरी बीड' जालंधरजवळच्या करतारपूरची, ते गाव अर्जनदेवांनी वसवलं. भारतातून पाकिस्तानातल्या करतारपूरला जाणारा कॉरिडॉर ओलांडून ती बीड बघायला मिळेल असं समजू नका.

---

शंकेखोर

सगळ्यांचे आभार. आता कामाचं: येत्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत चार पदं आहेत. 'काहे रे बन खोजन जाई', 'गगन मै थालु', 'ठाकुर तुम्ह सरणाई आइआ' आणि 'अवलि अलह नूरु उपाइआ'. चारही 'गुरू नानक' म्हणून छापायला गेली होती, थांबवली आहेत. कसं लिहू?

---

पोथीवाला

राग, महला, कंसात गुरूंचं नाव, अंग. असं:

काहे रे बन खोजन जाई – धनासरी, महला ९ (गुरू तेगबहादूर), अंग ६८४
गगन मै थालु – धनासरी, महला १ (गुरू नानक), अंग १३ व ६६३
ठाकुर तुम्ह सरणाई आइआ – सारंग, महला ५ (गुरू अर्जनदेव), अंग १२१८

चौथं चालीत बसवताना पाठ तपासा, 'अव्वल अल्लाह नूर उपाया, कुदरत के सब बंदे' असा सुधारून छापू नका.

---

शंकेखोर

बरं. आणि चौथ्याचा महला कितवा?

---

पोथीवाला

त्याला महला नाही. कबीरांचं आहे. बिभास प्रभाती, अंग १३४९.